परत केलेली भिंत

दुसऱ्याची वस्तू परत करण्याचं जे वेड माझ्या आत्याला आहे, ते सबंध वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नसेल. लोक चोरीपायी बुडतात, जुगारापायी बुडतात. माझी आत्या परत करण्यापायी बुडाली. समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीपासून फार लांब नाही अशा एका जुन्या गावात ती एकटी राहते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि जीभ अशी की सोबतीला दुसऱ्या कोणाची गरज भासू नये. शेजारणीची कोंबडी तिच्या गोठ्यात अंडं घालून गेली, की आत्या ते अंडं हातात घेऊन शेजारणीच्या दारात उभी. वर पुन्हा, "तुह्या कोंबडीले घर दाखवत जा वं बाई, मले कामं हायेत," हे ऐकवायचं. एकदा ती एसटीनं वर्ध्याला आमच्याकडे आली, ती केवळ स्टीलचं एक झाकण पोचवायला. ते झाकण आमचं नव्हतंच. पण तसं सांगायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही, कारण मग ती खऱ्या मालकाच्या शोधात जिल्हाभर हिंडली असती. ते झाकण अजून आमच्याकडे आहे आणि घरातल्या एकाही भांड्यावर बसत नाही. तिचे यजमान हयात असताना आम्हा पोरांना म्हणायचे, "हे बाई एक दिवस मलेबी माह्या मायच्या घरी नेऊन देते, पाहजा." ते हसत म्हणायचे खरे, पण बोलताना एक डोळा स्वयंपाकघराच्या दाराकडे असायचा.

या वेडाला एक पोटकलम होतं. भांडं परत करायचं ते रिकामं नाही. आत्याच्या घरामागच्या वाडीत दोन लिंबं होती, सीताफळं होती, पेरू होता, चार संत्र्यांची झाडं होती, आणि खाली वांगी-मिरच्या. त्यामुळे तिच्याकडे वाटी गेली की वाटीभर मिरच्या यायच्या आणि डबा गेला की डबाभर लिंबं. आमच्या घरात लिंबाचं लोणचं कधी संपलेलं मला आठवत नाही. आत्या एरवी कोणाकडे जायची नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही. "माहं तिथी काय अडलं?" असं म्हणून ती निमंत्रणाची वाट लावायची. म्हणून माझ्या आईने एक युक्ती काढली होती. नणंदेची फार आठवण आली की ती कोणाच्या तरी हाती चकल्यांचा डबा धाडायची. मग दोन दिवसांत आत्या डबा घेऊन दारात हजर, आणि आल्या आल्या भांडण सुरू. "वैनी, तुमाले किती खेपा सांगतलं, डब्यात नका पाठवत जाऊ, कागदात पाठवत जा!" आई म्हणायची, "विसरली बाप्पा," आणि चहाचं आधण ठेवायची.

त्या वाडीभोवती भिंत होती. खांद्याएवढी उंच, काळ्या दगडाची, मातीचं किंवा सिमेंटचं एक बोट न लावता नुसती दगडावर दगड बसवून रचलेली. आत्याच्या सासऱ्यांनी ती घातली होती आणि ते गेल्यावर ती सांभाळायचं काम आत्याने दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिलं नाही. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सिमेंटची भिंत घातली तर दोन वर्षांत उभी चिरते. दगडी रचाई चिरत नाही, पण पावसाळा संपला की कुठे ना कुठे तिचं पोट सुटतं. मग आत्या लुगड्याचा काचा मारून, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन भिंतीपुढे उभी राहायची. सुटलेला भाग पार खालपर्यंत उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. हे करताना ती दगडांशी जे बोलायची ते ऐकण्यासारखं असे. "तुले मागच्या वर्षी सांगतलं होतं ना, इथं सरका, नीट बसायचं? मंग काऊन बाहेर निंगून राह्यला?" एक दगड आगाऊ होता, एक लाडावलेला, आणि एका चपट्या दगडाला ती सासूच्या नावाने हाक मारायची, कारण तो कुठेही ठेवला तरी कुरकुरत असे. एकदा मी मदत म्हणून एक दगड उचलून दिला. तिने तो घेतला, जिथून मी उचलला होता तिथे नेऊन ठेवला, आणि मला सांगितलं, "जाय, चहा पे."

आता हे दगड आले कुठून, तर गावच्या गढीतून. कोण्या जुन्या मालगुजाराची ती गढी. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर मातीच्या भिंती. मातीच्या भिंती वाहून गेल्या आणि जोतं गावाने वाहून नेलं. गावात असं घर नाही ज्यात गढी नाही. कोणाचा धुण्याचा दगड, कोणाची पायरी, देवळाचा ओटा, चावडीपुढचं बसायचं ठिकाण, सगळं तिथलंच. सरपंचाच्या पायरीवर तर अर्धं कमळ कोरलेलं होतं आणि लोक त्यावर चपला काढायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आत्याच्या भिंतीतही गढी होती. वाडीच्या आतल्या अंगाला, लिंबाजवळ, घोड्याचे दोन पाय कोरलेला एक दगड तिने छातीच्या उंचीवर बसवला होता. उरलेला घोडा कोणाच्या घरी आहे याचा ती अनेक वर्षं शोध घेत होती.

काही वर्षांपूर्वी गावात जीप आली. कोण्या खात्याचे एक साहेब उतरले, त्यांनी चावडीपुढे सभा घेतली. गढी पुन्हा उभी राहणार, गिरडच्या दर्ग्याला येणारे लोक पुढे इकडे येणार, गावाचं सोनं होणार, फक्त ज्यांच्याकडे गढीचे दगड असतील त्यांनी ते आणून द्यावेत. गावाने टाळ्या वाजवल्या. आणि त्याच संध्याकाळी गावभर धुण्याचे दगड उलटे झाले. सरपंचाने कमळावर प्लास्टर चढवून वर लाल ऑइलपेंट मारला. सभेत मात्र एकच माणूस उठलं होतं. आत्या म्हणाली, "कधी आणून द्याचे?" साहेब खूश होऊन म्हणाले, "जमेल तेव्हा आणा, आजी." त्यावर आत्याने त्यांना दोन गोष्टी ऐकवल्या. एक म्हणजे ती त्यांची आजी नाही. दुसरी, उद्यापासून आणते.

मला तिचा फोन आला. "येजो. काम नाई सांगत तुले. फक्त उभा राय. कोनीतरी पाह्यलं पाह्यजे." मी गेलो तेव्हा भिंत कमरेपर्यंत उतरली होती. दारात बैलबंडी उभी, आणि आत्या एकेक दगड पाहून बाजूला ठेवते आहे. मी डोकं आपटलं. म्हटलं, "आत्या, हे सरकारी काम हाये. आधी कुदळ पडू दे, मंग दे. तुह्या वाडीत ढोरं घुसतीन."

"आधी काम सुरू होऊ दे म्हननारे गावात सारेच हायेत," ती म्हणाली. "मंग ते काम सुरू कोनापासून होईन?"

"पन हे दगड तुह्या सासऱ्यानं आनले. इतकी वर्सं तू सांभाळले."

"सांभाळले म्हनून माहे झाले का? तुहा डबा मी घासून ठेवते, तं तो माहा होते का?"

तिने सगळी भिंत दिली. गढीपुढे दगडांचा ढीग टाकणं तिला जमेना, म्हणून तिथेही तिने ते ओळीने रचले, आणि सगळ्यांत वर ते घोड्याचे पाय. गावातले लोक येऊन पाहून जायचे आणि हसायचे. "बाईनं गढीले कुपाटी केली," म्हणजे कुंपण घातलं, असं एकाने म्हटलं आणि ते गावभर झालं. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. साहेबांची बदली झाली. कुदळ पडली नाही. फलक मात्र आला, मोठा, रंगीत. त्यावर गढी कशी दिसेल त्याचं चित्र होतं, हिरवळ आणि कारंज्यासकट. त्या फलकाचे खांब उभे राहीनात म्हणून बुडाशी दगड लावले, ते आत्याचे. इथून सुरुवात झाली. मग कोणाच्या ओट्याला चार लागले, कोणाच्या हौदाला सहा. आत्या भिंतीच्या जागी बाभळीच्या काट्या लावून बसली आणि तिच्या वाडीत आधी शेळ्या शिरल्या, मग गाई, आणि एका रात्रीत रानडुकरांनी सगळी जमीन नांगरून ठेवली. वानरांनी पेरू मोडला. शेळ्यांनी संत्र्याच्या झाडांच्या साली सोलल्या. लिंबं दोन्ही वाळली. मी तारेचं कुंपण घालून देतो म्हटलं, तर म्हणाली, "ते तुले परत कसं करू?"

मधल्या काळात मी एकदा गेलो, तर तिने मला गावातून फिरवून आणलं. नातेवाइकांची ओळख करून द्यावी तशी दाखवत होती. "हा लिंबाखालचा. हा कोपऱ्यातला, आगाऊ. पाह्य, इथंबी बाहेरच निंगून राह्यला." सासूच्या नावाचा दगड एका हौदाखाली होता. तिथे ती थोडी हसली. शेवटी आम्ही सरपंचाच्या नव्या गोठ्यापाशी आलो. दाराच्या बाजूला, शेणाच्या शिंतोड्यांत, घोड्याचे दोन पाय. सरपंच बाहेरच उभा होता. मी तोंड उघडणार तोच तो गोड आवाजात म्हणाला, "काय आत्याबाई, दगड पाहाले आल्या? गढीचे हायेत बरं. गढी काय कोना एकाची हाये?"

आत्या, जिने आयुष्यभर कोणाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. पदराने तिने त्या पायांवरचं शेण पुसलं आणि चालू लागली. मी रस्त्यात तडतड करत होतो. तक्रार करू, कोणाला तरी भेटू, असं काहीतरी बोलत होतो. ती म्हणाली, "काय म्हनून मागू बाबू? माहे असते तं त्याच्या घरात घुसून आनले असते. माहे नाईत म्हनून मागता येत नाई, आन त्याचेबी नाईत म्हनून पाहावत नाई." तिचा आवाज इतका साधा होता की मला तिचं नेहमीचं भांडण हवंसं झालं. खरं सांगायचं तर त्या गावाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून काही उरलेलं नाही. गढी पडली याचं दुःख कोणाला नाही, आणि ती पुन्हा उठेल यावर ज्या एका बाईने विश्वास ठेवला, तिची वाडी मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उजाड झाली.

यंदा दिवाळीनंतर मी तिला फराळ द्यायला गेलो होतो. आई आता नाही. निघताना मी आईचीच युक्ती केली. डबा मुद्दाम ओट्यावर ठेवला आणि घाईघाईने एसटी गाठली. घरी येऊन बायकोला सांगितलं की परवा आत्या येईल, तिच्या आवडीचं भरीत कर. परवा गेला. आठवडा गेला. थंडी सरत आली तेव्हा मी फोन लावला.

"आत्या, माहा डबा राह्यला का तिथी?"

"हाये ना. त्याच दिवशी घासून ठेवला."

"मंग घेऊन ये ना. चार दिवस राहजो."

"बाबू," ती म्हणाली, "रिकामा कसा आनू रे?"

मी म्हटलं, "रिकामाच आन आत्या. तू ये फक्त."

ती म्हणाली, "पाहू." परत करायच्या वस्तूबद्दल हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. डबा अजून तिकडेच आहे.