शाल, नारळ आणि पोहे

झेंडावंदन झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी निवृत्त जनरलसाहेबांना शाल घातली, नारळ दिला. साहेब बोलायला उभे राहिले. एवढी मोठी कारकीर्द, पण ते सांगत होते बर्फात गाडल्या गेलेल्या एका जवानाबद्दल.

"साहेब, आवरतं घ्या, पोहे गार होतायत," सेक्रेटरी म्हणाले.

साहेब अर्ध्या वाक्यात थांबले. माझं डोकंच फिरलं. या माणसाला वर्षातून दोनदा मखरात बसवायचं, आणि पाच मिनिटं ऐकायचं नाही? शौर्यसुद्धा आम्हाला नाश्त्याच्या आत आटपणारं हवं!

पोहे खातखात सेक्रेटरी त्यांच्या कानाशी लागले. "साहेब, तुमच्या मिलिटरी कॅन्टीनमधून दोन बाटल्या मिळतील का हो?"

साहेबांनी शाल उतरवली, चौकोनी घडी घातली आणि नारळासकट परत केली.