हात उशिरा पडतात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

सुरुवात ऐकून हसू येईल. एका खेळातली गोष्ट आहे — कॉम्प्युटरवरच्या खेळातली. मीही बराच काळ स्वतःला हेच सांगत होते, की खेळच तर आहे.

मी मूळची लातूरजवळच्या मुरुडची. लग्न होऊन लातूरला आले. गणितात बी.एस्सी. केलं, पुढे एम.एस्सी.ला नाव घातलं, तेवढ्यात लग्न ठरलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, नवरा चांगला आहे. तो एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. रविवारी पोरांच्या टेस्ट असतात, त्यामुळे रविवार मला एकटीलाच मिळायचा.

माझी आत्या बिलोलीला दिलेली. बालाजी तिचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून धाकटा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुरुडला यायचा, माझ्या मागं मागं फिरायचा. त्यांच्याकडं तेलंगणाची हद्द जवळ, म्हणून तो मला ताई न म्हणता अक्का म्हणायचा. कॉलेजात असताना त्याच्या पायातून चप्पल निसटायला लागली. मग जिना चढता येईना. मग खुर्ची आली. स्नायू झिजण्याचा आजार. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आज ना उद्या हातही जातील, कधी ते सांगता येत नाही, तोवर हात वापरत राहा, थांबवू नका. तो घरीच ओसरीत बसून मोबाइल दुरुस्त करायचा. गल्लीतले सगळे फुटके फोन त्याच्याकडं यायचे. बारीक बारीक स्क्रू तो असे उचलायचा, की बघत राहावं.

खेळ मला त्यानंच शिकवला. फोनवरून सांगत, न कंटाळता. "अक्का, घाबरू नको, मेलीस तर पुन्हा उठतीस," म्हणायचा. आमची एक टोळी होती, नांदेड, लातूर, परभणीकडची माणसं. कानाला हेडफोन लावून मराठीत बोलत लढायचं. प्रत्येकानं आपलं एक पात्र निवडायचं — कुणी बाण मारणारा, कुणी जखमा बऱ्या करणारा. आम्ही दोघांनी घेतलं ते अंग बदलणारं. मनात आलं की बिबट्या, मनात आलं की अस्वल. लांबून मारायचं नाही, अंगावर जाऊन पंजानं लढायचं. टोळीत सगळे त्या पात्राला बहुरूपी म्हणायचे.

बालाजीनं तेच पात्र का घेतलं, हे मी कधी विचारलं नाही. पाय गेलेला माणूस, आणि पडद्यावर बिबट्या माळावरून धावतोय — विचारायचं काय त्यात?

आता थोडं खेळातलं सांगावं लागेल, त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. बिबट्याचे काही ठरावीक वार असतात, प्रत्येक वाराला थोडा दम खर्च होतो. ओरबाडलं की समोरच्याला जखम होते आणि ती काही वेळ वाहत राहते. डरकाळी फोडली की पुढचे वार जोरात बसतात. कोणता वार आधी, कोणता नंतर, जखम आटायच्या आत पुन्हा ओरबाडायचं की आटू द्यायची — या क्रमाला तिथं रोटेशन म्हणतात. क्रम अचूक असला की त्याच बोटांनी कितीतरी जास्त मार बसतो. आणि लढाई संपली की कुणी किती मार दिला, याचा तक्ता सगळ्यांसमोर येतो. लपवायला जागा नाही.

हा क्रम लावायचं काम माझ्याकडं आलं. ते गणितच होतं हो. एकीकडं कुकर लावलेला, एकीकडं मी मांडते आहे, डरकाळीनंतर किती वार बसतात, कुठं दम वाया जातो. सरावाच्या मैदानात गवताचा एक पुतळा असायचा. त्याच्यावर मी दुपारच्या दुपार वार करून बघायची. माझं निघालेलं गणित टोळी डोळे झाकून घ्यायची. "अक्कांनी तपासलंय ना? मग झालं." एवढं एक वाक्य. मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नव्हतं.

पण तक्त्यात वर नाव बालाजीचं असायचं. दर वेळी. क्रम माझा, आणि तोच क्रम घेऊन तो माझ्या पुढं. त्याची बोटं तशी होती. मी विचार करून करायची, तो विचाराच्या आधीच करून मोकळा व्हायचा.

मला राग येत होता का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

मग टोळीनं सगळ्यात अवघड लढाई घ्यायचं ठरवलं. तिच्यात बहुरूप्याला एकच जागा होती. आमचा म्होरक्या उदगीरचा, खताच्या दुकानात बसणारा, सरळ माणूस. तो म्हणाला, पुढच्या काही रविवारी ज्याचा मार जास्त, तो घ्यायचा. म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीतच होतं.

तेवढ्यात खेळाच्या कंपनीनं नियम थोडे बदलले. असं अधूनमधून होतं. पूर्वी जखम वाहत असतानाच पुन्हा ओरबाडलं तर ती लांबायची. आता तसं केलं की जुनी जखम पुसली जायची आणि उरलेला सगळा मार वाया. आणि मधेच क्षणभर अस्वल होऊन परत बिबट्या झालं, तर गेलेला दम परत मिळत होता. पुतळ्यावर वार करता करता हे मला सापडलं. एकटीला. किती आनंद झाला होता — तो आनंद खरा होता, एवढं तरी मला सांगू द्या.

बालाजीनं त्याच संध्याकाळी विचारलं, अक्का, नवीन क्रम काय? मी त्याला जुनाच क्रम पाठवला. वर लिहिलं — नव्यानं तपासला, हाच बरोबर आहे.

बघा, गोष्ट इथंच थांबली असती तर ती खेळातली लबाडी राहिली असती. मी थोडी लाजले असते, पुढं विसरले असते.

पहिल्या रविवारी तो तक्त्यात माझ्या खाली आला. दुसऱ्या रविवारी आणखी खाली. टोळीतलं कुणी काही बोललं नाही, त्याच्या आजाराचं सगळ्यांना ठाऊक होतं. ते न बोलणं त्याला ऐकू गेलं असणार. नंतर त्याचा फोन आला. मी भाजी निवडत होते, मेथीची जुडी मांडीवर होती.

"अक्का, काय चुकून राहिलं माझं? तूच बघ की. पुतळ्यावर पण करून बघितलं, आकडा येतच न्हाई."

मी म्हणाले, पुतळ्यावरचं खरं धरू नको, लढाईत वेगळं असतं.

"मग क्रमात काही हाय का?"

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. अरे, थांब, माझीच चूक झाली, नवीन नियमात असं असं आहे. हसून सुटले असते. त्यानं शंकाही घेतली नसती. मग मी ते का नाही बोलले? मी या प्रश्नाभोवती इतक्या वेळा फिरले आहे, की आता तिथं काही सापडेल असं वाटत नाही.

मी म्हणाले, "क्रम बरोबर हाय, बालाजी. हात उशिरा पडून राहिले तुझे."

पलीकडं आत्याच्या घरातला पंखा कुरकुरत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मग त्यानं विचारलं, "कधीपासून दिसून राहिलं तुला?"

आणि मी — मी म्हणाले, महिनाभर झाला असंल.

नुसतं खोटं बोलले असं नाही. त्या खोट्याला मी मागचा महिनाही जोडून दिला.

त्यानं वाद घातला नाही. "बरं," म्हणाला. त्याच दिवशी म्होरक्याला कळवलं, अक्काला घ्या. ती लढाई आम्ही जिंकलो. तक्त्यात माझं नाव सगळ्यात वर होतं. टोळीनं खूप कौतुक केलं. बालाजीनंही कौतुकाचा निरोप पाठवला. मी तो उघडला, बंद केला, आणि पोळ्या लाटायला गेले. त्या दिवसानंतर तो खेळात आला नाही.

मला वाटलं होतं, रुसला असेल, येईल. रुसला असता तर किती बरं झालं असतं.

काही दिवसांनी आत्याचा फोन आला. म्हणाली, "पोरानं काम बंद केलं गं. हात गेले म्हणतो. डॉक्टरकडं चल म्हटलं तर येत न्हाई. मीच भरवून राहिले त्याला." तेव्हा मला कळलं, की तो तक्त्यातला आकडा त्याच्यासाठी खेळ नव्हताच. डॉक्टरांनी सांगितलेली ती वेळ आली का, हे तो दर रविवारी त्या आकड्यात बघत होता. आणि मला हे माहीत नव्हतं का? अर्धं माहीत होतं. नेमकं तेच वाक्य माझ्या तोंडी उगीच नाही आलं.

मी बिलोलीला गेले. नांदेडपर्यंत एक एसटी, पुढं दुसरी. वाटभर मनात वाक्य जुळवत होते. साधंच होतं — मी खोटं बोलले, तुझे हात चांगले आहेत. एवढं बोलायचं आणि मग तो जे म्हणेल ते ऐकायचं.

पोचले तेव्हा आत्या त्याला भाकर कुस्करून भरवत होती. ओसरीतलं त्याचं टेबल रिकामं होतं. हत्यारं त्यानं बाजारातल्या एका दुकानदाराला देऊन टाकली होती. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. मिशीला वरण लागलं होतं, ते त्यानं उलट्या हातानं पुसलं. सहज. बोलता बोलता. हात वर गेला, पुसलं, खाली आला. आत्याच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही. मी बघितलं.

तोंड उघडलं तोवर तोच बोलला. "अक्का, तू एकटीनं खरं सांगितलंस. आई, डॉक्टर, समदे म्हणायचे, काही होत न्हाई, काही होत न्हाई. आकडा घसरला तेव्हा मला वाटलं, मीच येडा झालो की काय. तू सांगितलंस आणि मन ठिकाणावर आलं."

आता सांगा, याच्यावर काय बोलायचं? बोलायला हवंच होतं, हे मला कळत होतं. त्याचे हात तेव्हा होते. पण मी बोलले असते तर त्याच्याजवळचं एकमेव विश्वासाचं माणूस गेलं असतं — असं मी मनात म्हटलं. खोटं आहे तेही. मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मी चहा घेतला, आत्याला भांडी घासू लागले, आणि दुपारच्या गाडीनं परत आले. जाताना एवढंच म्हणाले, "हात हलवत जा थोडे." तो हसला. "आता काऊन, कशासाठी?" म्हणाला.

पुढं त्याचे हात खरंच गेले. आधी बोटं, मग मनगट. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. पण वापरात राहिले असते तर किती टिकले असते? एक पावसाळा? दोन? की तेवढेच? मी गणित शिकलेली बाई. याचं गणित मला मांडता येत नाही, आणि ज्यांना मांडता येईल त्यांना मी खरी हकीकत सांगितलेली नाही. आता त्याला सांगून काय होईल, असं लोक विचारतील. मीही तेच विचारते, आणि दर वेळी मला ते सोयीचं वाटतं.

मी खेळ सोडला. त्यात काही मोठं केलं असं नाही. कुणाचा हात परत आला नाही त्यानं.

फोन आता आत्या त्याच्या तोंडाजवळ धरते, आणि तो बोलून निरोप पाठवतो. गेल्या महिन्यात असाच एक आला. "अक्का, माझा आवाज बदललाय का गं? इथं कुणी नीट सांगत न्हाई. तू खरं सांगशील."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. जुने निरोप काढून त्यांच्याशी ताडून बघितलं. आवाज बारीक झाला होता. वाक्याच्या शेवटाला श्वास कमी पडत होता. या वेळी खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं. एकदा खोटं बोलून त्याचे हात घेतले, आता निदान खरं बोलावं. मी सांगितलं, "हाव, बालाजी. थोडा बारीक झालाय."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

तेव्हापासून त्यानं एकही निरोप पाठवलेला नाही. आत्या सांगते, बोलणं लई कमी केलंय, मान हलवून हो-नाही सांगतो, कारण विचारलं तर तेही सांगत नाही. तिला वाटतं, आजारच वाढला. मी फोनवर हं हं करते. मग ती म्हणते, तू येऊन जा एकदा, तुझं ऐकतो तो.