बाईंची भिंत

बंद मूठ पोराच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायचं, "आधी बघ. शब्द मी देते." बाईंची ही सवयच. मूठ उघडली की आत कधी खडा, कधी नागलीचे दाणे.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, बाई खाऊ वाटतायत. मीपण हात पुढं केला. हातावर आली जिवंत गोगलगाय. मी असा बोंबललो की खालच्या पाड्यापर्यंत ऐकू गेलं. पोरं लोळायला लागली. बाई म्हणाल्या, "घाबरू नका मामा, निरीक्षण करा."

आमची शाळा पेठकडच्या डोंगरात, दोन खोल्यांची. खिचडी शाळेतच शिजायला लागली तेव्हा चुलीवर मला घेतलं. आमच्या घराण्यात शाळेत सगळ्यात जास्त वर्षं मीच काढली, पण चुलीपाशी. अक्षराला मी अजून ओळखत नाय, अक्षर मला ओळखत नाय.

बाई नाशिक रोडच्या. पहिली-दुसरी त्यांच्याकडं. आमच्या पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकातले शब्द वेगळे. तुलना, अंदाज, वर्गीकरण, असले शब्द आले की पोरं बाईंच्या तोंडाकडं बघत बसायची. म्हणून बाईंनी मूठ काढली.

एकदा नागली, वरई, उडीद असं सगळं एकत्र करून पोरांपुढं ओतलं. म्हणाल्या, "वेगळं करा." दुसरीतली एक बारकी पोरगी, कधी बोलायची नाय, ती म्हणाली, "ह्ये तं आय करती रोज."

"मग तुझी आई रोज वर्गीकरण करते."

पोरगी घरी जाऊन आईला सांगून आली.

मलापण एकदा वर्गात उभं केलं. "मामा, तांदूळ किती घालायचे ते कसं ठरवता?"

"डोळ्यानं, बाई."

"म्हणजे अंदाज करता. सांगा मुलांना."

मी सांगितलं, "पोरांनो, मी अंदाज करतो. म्हणून तर एक दिवस तुम्ही उपाशी आन् एक दिवस कुत्र्यांची चंगळ." तेवढं एकच भाषण मी जन्मात केलं.

प्रत्येक पोरानं शब्द आपल्या घरच्या गोष्टीत वापरला की बाई तो पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावायच्या. खाली दोऱ्यानं ती वस्तू टांगायची. दसऱ्यापर्यंत भिंत भरली. मला वाचता येत नाय, पण ती भिंत मला वाचता यायची.

हेडसरांना ते पटत नव्हतं. "बाई, पुस्तकाचे चारच धडे झाले. तपासणीला साहेब येणार हायेत, त्यांना काय दाखवणार?"

"भिंत दाखवीन सर. साहेबांनी मुलांना विचारू द्या. नाही पटलं तर दुसऱ्या दिवसापासून पाठांतर घेते."

साहेब यायच्या आदल्या दिवशी बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या. हेडसर मला म्हणाले, "चुना मार. भिंतीवर एकपण लोंबतं दिसता कामा नये."

मी म्हणालो, "सर, बाईंचं..."

"तू मास्तर हायेस का रे?"

नव्हतो. चुना मारला. दाणे कोंबड्यांना टाकले. पुठ्ठे चुलीपाशी ठेवले आणि सकाळी जाळले. साहेबांची खिचडी त्यांच्यावरच शिजली.

बाई आल्या, भिंत बघितली आणि पोरांना ओळीत बसवायला लागल्या. साहेब पाठीमागंच आले. त्यांनी त्याच बारक्या पोरीला उठवलं. "वर्गीकरण म्हणजे काय? व्याख्या सांग."

पोरीनं भिंतीकडं बघितलं. भिंत पांढरीफटक. मग हळूच म्हणाली, "आय करती."

"काय करते?"

"वर्गीकरण."

साहेब खो खो हसले. हेडसर हसले. मी दारात पातेलं घेऊन उभा. बाईंखेरीज मला एकट्याला कळलं होतं की पोरगी बरोबर सांगतीय. मीपण हसलो. साहेब हसतात तर आपण काय तोंड पाडून उभं राहायचं! पोरगी खाली बसली. त्यानंतर वर्गात तिनं तोंड उघडलेलं मी बघितलं नाय.

साहेबांनी जाताना दोन गोष्टींना चांगलं म्हटलं. चुन्याला आणि खिचडीला. दोन्ही माझ्याच.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी फळ्यावर व्याख्या लिहायच्या आणि पोरांनी घोकायच्या. दिवाळीनंतर बाईंचा बदलीचा कागद आला. तोवर अर्धी पोरं आईबापासंगं निफाडला द्राक्षाच्या कामाला गेलेली. निरोप द्यायला एकटा मीच. बाईंची पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत गेलो.

"बाई, चुकलं माझं. मला माहीत होतं ते काय हाय."

"मला ठाऊक आहे मामा, तुम्हाला माहीत होतं." एसटीत चढताना म्हणाल्या, "नवीन येतील त्यांना एवढं सांगा, मुलं हुशार आहेत. फक्त त्यांना बोलू द्या."

आठ दिवसांनी नवीन मास्तर आले. चुलीपाशी उभं राहून विचारलं, "काय मामा, पोरं कशी हायेत इथली?"

हेडसर शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "गरीब हायेत सर. काय बोलत नायत. तुम्हाला काय त्रास नाय व्हायचा."