चाकरमानी पाहुणा धरायचा का?

मंडळी, खास सायबर कॅफेत येऊन लिहितोय, कारण अजून हसू आवरत नाहीये.

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलला घरच्यांची वर्गणी असते आणि पाहुण्यांची वेगळी पावती. पावत्या मी फाडतो.

आज सकाळी सलमाभाभी मुंबईहून सुट्टीला आलेल्या दिरांना घेऊन आल्या. मी पावती फाडायला लागलो, तर भाभी उसळल्या, "काय हो, चाकरमानी कधीपासून पाहुणे झाले? मग आमच्या ह्यांचीपण फाडा! ते तर वर्षातून एकदाच दुबईहून येतात."

मागे टॉवेल गुंडाळून उभे असलेले त्यांचे मिस्टर चटकन म्हणाले, "फाडा, फाडा! पाहुणा झालो तर ही रोज मासळी आणायला तरी पिटाळणार नाही!"

तुमच्याकडचे चाकरमानी घरचे की पाहुणे? त्यांनाच विचारा, बायकोसमोर नको.