लाईन आली, मॅडम

नूतन रहांगडालेचा राग गोंदियाच्या अख्ख्या ऑफिसला ठाऊक होता. धान सोसायटीच्या शाखांचे राऊटर ती सांभाळायची, आणि चोरखमाऱ्याकडच्या जंगलातल्या शाखेने तिचं डोकं फिरवलं होतं. तिथे मोबाईल लागत नसे. होती ती टेलिफोनची एकच तार, आणि राऊटरही त्याच तारेवर चालायचा.

आधीच्या ठेकेदाराने त्या राऊटरमध्ये सबनेट मास्क, म्हणजे आपलं जाळं कुठवर हे सांगणारा आकडा, चुकीचा भरला होता. त्यामुळे त्या राऊटरला गोंदियाचा सर्व्हरही आपल्याच घरातला वाटायचा आणि तो बाहेर काही धाडायचाच नाही. नूतनने गोंदियातून त्याच तारेवर राऊटरला डायल केलं, मास्क सुधारला आणि गोंदियाचा रस्ता, म्हणजे स्टॅटिक रूट, टाकायला घेतला. तोच लाईन तुटली आणि तिचा मोबाईल वाजला. शाखेतले म्हातारे कारकून केवळरामजी बोलत होते.

"मॅडम, काम होऊन राहिलं का?"

"तुम्ही रिसीव्हर उचलला का लाईन तुटते. कायले उचलता? हात लावू नका फोनले."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा ती इतकी ओरडली, की शेजारच्या टेबलावरच्या रीनाने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मग कुठे रूट बसला. शाखेतला संगणक पडद्यावर दिसला आणि लगेच नाहीसा झाला. मोबाईल वाजला.

"लाईन आली, मॅडम."

"मंग काऊन उचलला?"

"मागच्या महिन्यात तुम्हीच त झापलं होतं. संगणकाची लाईन जावो का येवो, पयले मले फोन करा म्हणून."

त्या शाखेत तार एकच आहे, हे तेव्हाही नूतनला ठाऊक होतं.