सातच्या पुढची गिनती

"मुनीमजी, जरा मेहमानों को अपनी गिनती सुनाओ."

शेठजी असं म्हणाले की मी पेन खाली ठेवून उभा राहायचो. गोंदियातल्या राईस मिलचं ऑफिस. समोर बाहेरगावचे व्यापारी, चहा, समोसे. मी गोंडीत मोजायचो. उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येडुंग. मग थांबायचो. आमच्या घरात गोंडी तेवढीच उरली होती. बाप सालेकशाकडचं गाव सोडून याच मिलमध्ये हमालीला आला. आम्ही शाळेत मराठी बोललो, बाजारात हिंदी. आठपासून पुढे मी मराठीतच मोजत आलो.

पाहुणे विचारायचे, "आगे?"

"आगे इनकी दुकान बंद," शेठजी म्हणायचे.

सगळे हसायचे. मीही हसायचो. कोणीतरी समोशाची प्लेट माझ्याकडे सरकवायचं. मग मी खाली बसायचो आणि माझ्याच आकड्यावर त्यांचे ट्रक सुटायचे. ते आकडे कोणी तपासत नसे.

शेठजी वाईट माणूस नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. आई दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. म्हणूनच नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. अशी किती वर्षं गेली.

यंदा तेलंगणातला एक व्यापारी आला. शेठजींनी फर्माईश केली. मी उभा राहिलो. रंड म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला. नालुंगला तो पुढे झुकला. मी सातवर थांबलो, शेठजींनी दुकान बंद केलं. पण तो हसला नाही. त्याने त्याच्या तेलुगूत मोजलं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. सातला एडु. माझा येडुंग. आणि तो थांबला नाही. एनिमिदि, तोम्मिदि, पदि.

"इनका और हमारा एक ही घर का है, शेठजी," तो म्हणाला.

शेठजी म्हणाले, "अरे, आपकी बात अलग है. कितनी मीठी भाषा. आपकी लिपि है. इनकी तो जंगल की बोली." मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "बैठो, मुनीमजी."

मी बसलो. तोच नालुंग. त्याच्या तोंडी गोड भाषा, माझ्या तोंडी तमाशा. त्या दिवशी माझी साधी बेरीज चुकली.

रविवारी गावाला आत्याकडे गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. विचारलं, सातच्या पुढे काय गं?

सूप न थांबवता ती म्हणाली, "अरमुर, उनमाक, पद. तुझ्या बापाले बराबर येत होतं. तुले काऊन नाही सांगितलं?"

का नाही सांगितलं ते मला कळलं. तोही त्याच मिलमध्ये होता. तेव्हा शेठजींचे वडील, मोठे शेठ होते, पाहुणे तेव्हाही येत होते, गिनती तेव्हाही ऐकवावी लागत असणार.

आत्याच्या भिंतीवर गोंडी लिपीचा तक्ता होता. कचारगडच्या आम्हा गोंडांच्या जत्रेतून आणलेला. अक्षरं होती, अंकही होते. लिपी होती. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस, आणि त्या तक्त्यातला एकही आकडा मला वाचता आला नाही. चीड आली. शेठजींची, शाळेची, माझी. कोणाची जास्त, ते ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात रायपूरचे पाहुणे आले. "मुनीमजी, जरा गिनती."

मी पेन ठेवलं नाही. उठलो नाही.

"शेठजी, बोरे हों तो गिनूँगा. हँसाने के लिए नहीं."

शेठजींनी समोशाची प्लेट पाहुण्यांकडे सरकवली. मग शेठजी पाहुण्यांना म्हणाले, "इनकी तबीयत ठीक नहीं है आज."

माझी तब्येत ठीक होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठीक होती.

आता शेठजी कामापुरतं बोलतात. नवा मुनीम शोधत आहेत, असं हमाल सांगतात. शोधू द्या. जाताना सगळा हिशेब चोख देऊन जाईन. तोवर ट्रक लागला की मी मिलच्या फलाटावर उभा राहतो आणि पोती गोंडीत मोजतो, मोठ्याने, पदपर्यंत. पुढचं अजून येत नाही. शिकतो आहे, तक्त्यावरच्या अंकांसकट.

पण शेठजींच्या टेबलासमोर उभं राहून आता उंदीसुद्धा नाही.