काट्यावरचं घुबड

डेल्बर्ट फ्रीझनने सकाळी घाटमाथ्यावरच्या ट्रकांच्या वजनकाट्याच्या पाटीवरचा दिवा लावला, की बेअरपॉच्या घाटातल्या झाडून सगळ्या ट्रकच्या रेडिओवर एकच आरोळी फिरायची, "घुबड जागं झालं रे!"

हे नाव डेल्बर्टच्या कानावर आलेलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडायचं. उंचावर काचेच्या खोलीत बसून, कुणालाही न सोडणाऱ्या नजरेने रस्ता पाहणारा माणूस, असा त्याने त्याचा अर्थ लावून घेतला होता. ड्रायव्हरांचा अर्थ साधा होता. घुबडाला दिवसा दिसत नाही.

तरुणपणी त्याने दोन हिवाळे ट्रक चालवला होता. एकदा बर्फावर ट्रेलर घसरून आडवा झाला, कुणाला खरचटलंही नाही, पण त्यानंतर उतार आला की डेल्बर्ट गाडी कडेला घेऊन थांबायचा. त्याने गाडी सोडली आणि ट्रक तपासनीसाचा सरकारी गणवेश चढवला. ज्याला गाडी हाकता आली नाही, तो उरलेला जन्म गाडी हाकणाऱ्यांची परीक्षा घेत बसला. एखाद्याचा चाकामागचा चिखलरोधक रबर फाटका निघाला, की डेल्बर्ट त्या ड्रायव्हरला उन्हात उभा करून असा काही बोलायचा, जणू त्या बिचाऱ्याने शाळेत बॉम्ब ठेवला होता.

त्याची खरी मिजास होती ती खडूची. पाठीखाली चाकांची फळी घेऊन तो ट्रकखाली सरकायचा. प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा एक दांडा असतो, त्यावर खडूने रेघ ओढायचा. मग आतूनच ओरडायचा, "दाब!" ड्रायव्हरने ब्रेक दाबला की दांडा बाहेर येतो, किती आला ते तो मापायचा. दांडा फार बाहेर आला तर ब्रेक ढिला, आणि गाडी जागेवर खिळली. रेघ ओढून झाली की तिला खाली एक लहानसं शेपूट काढायची त्याला सवय होती. चित्रकाराने सही करावी, तशी. त्या खोऱ्यातल्या कुणालाही विचारा, ही शेपटाची रेघ कुणाची, तो पैजेवर सांगेल.

आता त्याचा मेहुणा वेन्डल टॅकबेरी. बायकोचा थोरला भाऊ. खोऱ्यातला निम्मा लाकूडतोड धंदा वेन्डलचा होता. जंगलातून ओंडके भरून काट्यावरून घाट उतरायचा आणि नदीकाठच्या गिरणीत माल टाकायचा, हे त्याच्या ट्रकांचं काम. बर्फावरच्या हॉकीचं मैदान वेन्डलच्या देणगीतून उभं राहिलेलं, आणि चर्चच्या जेवणावळीत टर्की कापायची सुरी त्याच्याच हातात असायची. डेल्बर्टने त्याच्याकडून कधी एक डॉलर घेतला नाही, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. खरंच होतं ते. पैसे खाल्ले असते तर निदान त्याची किंमत तरी कळली असती. हा गडी फुकटात विकला गेला होता. वेन्डलने खांद्यावर हात टाकून "आमचा डेल म्हणजे घाटाचा राखणदार" म्हटलं, की हा नुसता फुलून यायचा.

आणि डेल्बर्टचा मुलगा ट्रॉय वेन्डलचाच एक ट्रक चालवायचा. ताफ्यातला सगळ्यात म्हातारा, लाल.

ब्रेकच्या तपासणीचा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी ट्रॉय आईबापाकडे जेवायला आला. ऑगस्टचे दिवस, डोंगरापलीकडे वणवा पेटलेला, अंगणातही धुराचा वास. आईने पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, आणि मूस हरणाच्या मांसाचं सॉसेज वाढलं. ट्रॉयने ताट तसंच ठेवलं आणि बापाला गॅरेजमागे बोलावलं.

"डॅड, मागच्या ट्रेलरचे अ‍ॅडजस्टर मेलेत."

"मेलेत म्हणजे?"

"तुला माहीत आहे मेलेत म्हणजे काय ते. ब्रेक झिजला की त्यांनी आपला आपण आवळून घ्यायचा असतो. ते आवळतच नाहीत. मामा रोज पहाटे पाना घेऊन येतो आणि हाताने आवळून देतो. सकाळी तुझ्या मापात बसतं. दुपारी तिसऱ्या खेपेला घाटात पाय दाबतो, तर पेडल नुसतं खाली जातं."

"मग वेन्डलला सांग."

"सांगितलं. म्हणाला, बदलायचे तर ट्रक दोन दिवस उभा राहील, आणि तुला भीती वाटत असेल तर चालवणारे पुष्कळ आहेत. केसीला सातवा महिना आहे, डॅड. या खोऱ्यात मामाने काढलेल्याला दुसरं कोण ठेवून घेईल?" ट्रॉयने आवाज खाली आणला. "तू उद्या तो ट्रक अडव. बस, एवढंच. माझं तो ऐकत नाही, तुझ्या कागदापुढे त्याला झुकावंच लागेल. बदलून घेऊ दे, मग मी खुशाल चालवतो."

"बघतो," डेल्बर्ट म्हणाला.

"बघू नकोस. अडव."

"मापाबाहेर असेल तर अडवीनच ना! नियम आहे."

ट्रॉय त्याच्याकडे पाहत राहिला. तिशी ओलांडलेला, बापापेक्षा वीतभर उंच, घाट रोज तीनदा उतरणारा माणूस, आणि त्याला आपल्या जिवासाठी या माणसापुढे हात पसरावे लागत होते. तो आत जाऊन आईचा निरोप घेऊन निघून गेला. सॉसेजही खाल्लं नाही.

सोमवारी काट्यावर रांग लागली. जंगलात वणव्याच्या भीतीने दुपारनंतर करवती बंद ठेवाव्या लागत, म्हणून जो तो सकाळीच खेपा मारायच्या घाईत. पहिल्या काही गाड्यांत सरी शहरातून आलेला जगसीर बोपाराय होता, केळ्यांचा ट्रेलर घेऊन. डेल्बर्ट त्याच्या गाडीखाली सरकला, रेघा ओढल्या, "दाब!" म्हणाला. माप बरोबर भरलं. डेल्बर्ट बाहेर येणार, तेवढ्यात त्याच्या विजेरीच्या उजेडात एका अ‍ॅडजस्टरचा बोल्ट चमकला. सगळीकडे तेलकट धूळ, आणि तेवढं बोल्टचं डोकं चांदीसारखं लख्ख.

तो बाहेर आला तो मिशीत हसतच. "पाना कुणी लावला याला?"

"मीच, साहेब. मागे पेट्रोल पंपावर. जरा ढिला वाटला."

"ढिला वाटला! आपोआप आवळणारा अ‍ॅडजस्टर हाताने आवळावा लागतोय, म्हणजे तो मेलाय. तू त्याला आवळून दुखणं झाकलंस. घाटात मध्येच सोडेल तो. माप बरोबर असलं म्हणून काय झालं? हलायचं नाही. मेकॅनिक बोलाव, नवा बसव, मग जा."

जगसीरने कपाळ चोळलं, मेकॅनिकला फोन लावला आणि गाडी कडेला घेतली. शब्दाला शब्द वाढवला नाही, कारण डेल्बर्ट बोलला ते अक्षरन् अक्षर खरं होतं. तेच तर चीड आणणारं आहे. या माणसाला सगळं कळत होतं.

मग लाल ट्रक आला. ओंडक्यांनी काठोकाठ भरलेला, आणि ट्रॉय खिडकीतून बापाकडे रोखून बघतोय. मागोमाग वेन्डलही आपली पिकअप घेऊन आला, हातात सगळ्यांसाठी डोनटचं खोकं.

"काय राखणदार! राजधानीतल्या साहेबांना खूश करायचंय ना या आठवड्यात? घे, मेपलचं घे. आमचं पोरगं लवकर मोकळं कर, गिरणी खोळंबलीय."

डेल्बर्ट फळीवर उताणा झाला आणि आत गेला. रेघ, शेपूट. रेघ, शेपूट. "दाब!" माप बरोबर. विजेरी त्याने वर धरली, आणि मागच्या ट्रेलरचा एकेक बोल्ट लख्ख चमकत होता. एक नाही, सगळे. डेल्बर्टने विजेरी बंद केली. उजेड नसला की दिसत नाही, एवढं शास्त्र त्यालाही येत होतं.

बाहेर येऊन त्याने गुडघे झटकले. "मापात आहे."

"डॅड," ट्रॉय खिडकीतून म्हणाला, "बोल्ट बघितलेस?"

"मापात आहे म्हटलं ना! माप भरलं तर मी काय लिहू?"

"पास लिही, आणखी काय!" वेन्डल हसला. "पोरगं बापाला धंदा शिकवतंय बघ, डेल!"

कडेला उभा असलेला जगसीर हे सगळं ऐकत, वाकून ट्रेलरखाली बघत होता. तो म्हणाला, "साहेब, माझा एक बोल्ट चमकला तर माझी गाडी मेली. याचे तर दिवाळीसारखे चमकतायत. याची गाडी अमर आहे का?"

"तू तुझ्या गाडीचं बघ!" डेल्बर्ट खेकसला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक म्हणतात. पण इथं तेही धड नव्हतं. बाब्या म्हणून त्याने ज्याला पाठीशी घातलं तो वेन्डल होता, पोटचा पोरगा नव्हे.

ट्रॉयने काच वर केली आणि ट्रक घाटाकडे वळवला. डेल्बर्टने मेपलचं डोनट खाल्लं.

तिसऱ्या खेपेला ट्रॉय काट्यावरून गेला तेव्हा डेल्बर्टने मान वर केली नाही. सकाळी तपासलेली गाडी त्या दिवशी पुन्हा तपासायची नसते, हाही नियमच. नवा अ‍ॅडजस्टर बसवून जगसीर नुकताच निघत होता. त्याचाच आवाज थोड्या वेळाने रेडिओवर आला, आणि या खेपेस त्यात चेष्टा नव्हती.

"घुबडसाहेब, ऐकताय का? लाल ट्रकच्या चाकांतून धूर निघतोय. हॉर्न वाजवत चाललाय. थांबत नाही तो. बाजूला व्हा रे सगळे, बाजूला व्हा!"

बेअरपॉच्या घाटात शेवटच्या वळणाआधी कडेला एक खडीचा रस्ता वर चढत जातो. ब्रेक गेलेल्या गाडीने त्यात घुसायचं आणि रुतून थांबायचं, एवढ्यासाठीच तो आहे. डेल्बर्ट तिथं पोचला तेव्हा लाल ट्रक त्या खडीत आसापर्यंत गाडला गेला होता. काही ओंडके सुटून केबिनच्या पाठीवर चढले होते, मागची काच फुटून पत्रा आत दबला होता. जळक्या ब्रेकच्या वासाने घसा धरत होता.

ट्रॉय जिवंत होता. जगसीरने त्याला ओढून बाहेर काढलं होतं आणि तो खडीवर बसला होता, डावा हात मांडीवर विचित्र वाकलेला, चेहरा पिठासारखा. जगसीर पोलिसांना आणि अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दाखवायला खाली वळणावर धावला.

"ट्रॉय! लागलं का रे? ट्रॉय!"

"हात मोडलाय," ट्रॉय म्हणाला. "केसीला फोन कर. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"करतो. लगेच करतो."

पण डेल्बर्टचा हात फोनकडे गेला नाही. त्याची नजर ट्रेलरवर गेली होती. मागचा भाग खडीत अर्धाच रुतला होता आणि खालचे ब्रेक उघडे दिसत होते. प्रत्येक दांड्यावर पांढरी रेघ होती, आणि प्रत्येक रेघेला खाली लहानसं शेपूट. पोलीस येणार, मग राजधानीतून कुणी येणार, वाकून पाहणार. लख्ख बोल्टाच्या शेजारी ही रेघ पाहणार, आणि त्यांना विचारावं लागणार नाही की इथं नाक लावून कोण पडलं होतं.

खाली कुठेतरी सायरन वाजू लागला. डेल्बर्टने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग हा घाटाचा राखणदार खडीत पालथा पडला आणि गणवेशातच सरपटत ट्रेलरखाली गेला. हातमोज्यावर थुंकून त्याने पहिली रेघ पुसली. दुसरी पुसली. काम नेहमीसारखंच नीटनेटकं चाललं होतं. त्याने डावी बाजू संपवली आणि मान वळवली. ट्रेलर आणि खडी यांच्यामधल्या फटीतून त्याला ट्रॉय दिसला. मोडका हात छातीशी धरून, खाली वाकून, तो केव्हापासून बापाकडेच पाहत होता.

त्याच्या डोळ्यांत राग असता तरी डेल्बर्टला बरं वाटलं असतं.

"डॅड," ट्रॉय म्हणाला, "उजवीकडच्या राहिल्या."

सायरन आता वळणावर आला होता. डेल्बर्ट पोटावरच फिरला आणि उजवीकडे सरपटत गेला.